विश्लेषण : वीज ग्राहकांचा मंच स्वतंत्र, मग सचिव कंपनीचा कसा?

डिजिटल डेस्क, अमरावती

सेमाडोहमधल्या ग्राहकाला विजेचे बिल चुकीचे आले आणि कंपनीच्या कार्यालयात दाद लागली नाही, तर पुढची पायरी म्हणून कायद्याने ग्राहक तक्रार निवारण मंच दिला आहे. कोर्टाची पायरी न चढता इथे निकाल मिळू शकतो. मंचाचा अध्यक्ष बाहेरचा असतो, एक सदस्य ग्राहक संस्थेचा असतो. मात्र अर्ज दाखल करून घेणारा, सुनावणीची तारीख कळवणारा आणि फाइल सांभाळणारा सदस्य-सचिव ज्या महावितरणविरुद्ध तक्रार आहे, तिचाच अधिकारी असतो. राज्यभरातील मंचांची रचना अशी का आहे, आणि त्याने ग्राहकाला काय फरक पडतो?

मंच आला कुठून?

वीज कायदा २००३ च्या कलम ४२ (५) नुसार प्रत्येक वितरण परवानाधारकाने, म्हणजे वीज वाटणाऱ्या कंपनीने, राज्य नियामक आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तक्रार निवारण मंच स्थापन करायचा आहे. त्याच कलमाच्या पोटकलम (६) मध्ये विद्युत लोकपाल आहे. मंचाचा निर्णय मान्य नसेल तर लोकपालाकडे जायचे. या दोन वाक्यांतला फरक बारीक वाटतो, पण सगळा विषय त्यातच आहे. लोकपालाची नेमणूक आयोग करतो. मंच मात्र कंपनी स्थापन करते.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ पासून आहे. मंडळाचे विभाजन होऊन ६ जून २००५ ला महावितरण वेगळी झाली. मंचांसाठी आयोगाने आधी २००३, मग २००६ आणि शेवटी २०२० मध्ये विनियम काढले. महावितरणचे मंच साधारण परिमंडलनिहाय आहेत. वऱ्हाडात अकोला परिमंडलाचा वेगळा आणि अमरावती परिमंडलाचा वेगळा. चिखलदरा तालुक्यातले सेमाडोह अमरावतीच्या मंचाखाली येते. लोकपाल मुंबईत आणि नागपुरात बसतात. विदर्भातल्या ग्राहकाचे प्रकरण नागपूरला जाते.

मंचावर कोण बसते?

महावितरणच्या कोणत्याही मंचाचा जुना आदेश उघडला तर वर तीन नावे दिसतात. अध्यक्ष, सदस्य-सचिव आणि ग्राहक प्रतिनिधी. २००६ च्या विनियमांत अध्यक्षपदासाठी निवृत्त न्यायिक अधिकारी, जिल्हाधिकारी दर्जाचा निवृत्त सनदी अधिकारी, अभियांत्रिकी महाविद्यालयाचे निवृत्त प्राचार्य अशा बाहेरच्या व्यक्तींची अपेक्षा होती. ग्राहक प्रतिनिधी नोंदणीकृत ग्राहक संस्थेचा. मधला तांत्रिक सदस्य कंपनीचा, कार्यकारी अभियंता दर्जाचा, आणि प्रत्यक्षात मंचाचे सचिवपदही त्याच्याकडेच. मंचाचा सगळा खर्च कंपनी करते आणि तो कंपनीच्या वार्षिक महसुली गरजेत धरला जातो. म्हणजे शेवटी तो वीजदरातून ग्राहकच भरतो.

तीनात एक कंपनीचा, दोन बाहेरचे. बहुमत तर बाहेरच्यांचे आहे, मग अडचण कुठे, असे कुणीही विचारेल. अडचण सुरू होते ती अध्यक्षाची खुर्ची रिकामी असते तेव्हा. २००६ च्या विनियमांच्या ४.१ मध्ये अशी तरतूद होती की, अध्यक्ष गैरहजर असेल त्या बैठकीपुरता तांत्रिक सदस्यच अध्यक्ष. राज्यातील काही मंचांच्या आदेशांत ही तरतूद उद्धृत करून सदस्य-सचिवांनी अध्यक्ष म्हणून सुनावणी घेतल्याची नोंद आहे. अशा दिवशी फाइल तयार करणाराही कंपनीचा, सुनावणीला अध्यक्ष म्हणून बसणाराही कंपनीचा आणि समोर बाजू मांडणाराही कंपनीचा. बाहेरचा म्हणून उरला तो एकटा ग्राहक प्रतिनिधी.

२०२० च्या विनियमांचा मसुदा आला तेव्हा वीज ग्राहक संघटनांनी घेतलेला मुख्य आक्षेप अध्यक्षपदावरच होता. कंपनीतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याला अध्यक्ष होण्याचा मार्ग खुला होतो, असे त्यांचे म्हणणे होते. वाद रास्त होता. पण त्या गदारोळात सचिवाच्या खुर्चीकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. अध्यक्ष महिन्यातले काही दिवस येतो. सचिवाचे कार्यालय रोज चालते.

सचिवाच्या हातात नेमके काय असते?

एक उदाहरण घेऊ. समजा सेमाडोहच्या एका घरातला मीटर बंद पडला. स्क्रीनवर काहीच दिसत नाही. बिलावर चालू रीडिंगच्या जागी ‘फॉल्टी’ असा शेरा येतो आणि सरासरीने बिल सुरू होते. वर्षभराने मीटर बदलला जातो आणि मागच्या संपूर्ण काळाचा हिशेब लावून एकदम मोठी रक्कम बिलात येते. आयोगाची वीजपुरवठा संहिता सांगते की, मीटर बंद पडला असेल तर जास्तीत जास्त तीन महिन्यांची आकारणी, तीही त्याआधीच्या बारा महिन्यांच्या सरासरीने. ग्राहकाची बाजू कागदावर भक्कम आहे. आता हा अर्ज मंचात कसा फिरतो ते पाहू.

पहिली पायरी आवक. अर्ज कोणत्या तारखेला पोहोचला, ही नोंद सचिवालय करते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत मंचाकडे यावे लागते, त्यामुळे तारखेला किंमत आहे. अर्जात काही कमी असेल तर त्रुटीपत्र जाते. ते परतवाड्यामार्गे टपालाने सेमाडोहला पोहोचणार, ग्राहक ते कुणाकडून तरी वाचून घेणार, उत्तर लिहून घेणार. या काळात अर्ज ‘दाखल’ की ‘प्रलंबित’ हे ठरवणारी नोंदवही अमरावतीच्या कार्यालयात असते.

दुसरी पायरी जास्त नाजूक आहे. कलम १२६ खालचा अनधिकृत वापर, कलम १३५ ते १३९ मधली वीजचोरी आणि संबंधित गुन्हे, कलम १६१ चे अपघात, हे विषय मंचाच्या कक्षेबाहेर आहेत. सकृद्दर्शनी प्रकरण यात मोडते असे दिसले तर मंच ते ऐकत नाही. ठरवायचे मंचाने, पण अर्ज पहिल्यांदा वाचून त्यावर टिपण कोण ठेवतो? सचिव. बंद मीटरच्या प्रकरणात कंपनीने उत्तरात ‘मीटरशी छेडछाड’ असे दोन शब्द घातले, की बिलाचा साधा वाद चोरीच्या दिशेने सरकतो. अशा वेळी टिपणात ‘छेडछाडीचा पंचनामा आहे का, तो कोणत्या तारखेचा, तक्रारीच्या आधीचा की नंतरचा’ हा प्रश्न लिहिला जातो की नाही, यावर प्रकरणाचे नशीब ठरते. हा प्रश्न न लिहिणे हा काही गुन्हा नाही, त्याची कुठे नोंदही होत नाही.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. वीजबिलाच्या वादात निकाल लागतो तो भाषणांवर नाही, तर सीपीएलवर. ग्राहकाचा महिन्यामहिन्याचा हिशेब दाखवणारा हा उतारा कंपनीच्या संगणकात असतो. शिवाय मीटर बदली अहवाल, मीटर चाचणी अहवाल, मीटरमधून काढलेला डेटा. यातले काहीही ग्राहकाजवळ नसते. सचिवाने उपविभागाला पत्र लिहून नेमके काय मागवले, यावर अध्यक्षासमोर काय येणार ते ठरते. अभियांत्रिकी शिकलेल्या कुणालाही हे ओळखीचे वाटेल: प्रयोगात कोणते आकडे टिपायचे हे एकदा ठरले, की निष्कर्ष बराचसा ठरून जातो.

मग सुनावणीची नोटीस, रोजनामा, आदेशाचा मसुदा, प्रमाणित प्रत, आणि आदेश झाल्यावर कंपनीने त्याची अंमलबजावणी केली की नाही याचा पाठपुरावा. दर तिमाहीला आयोगाकडे जाणारा अहवालही इथूनच तयार होतो. किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती शिल्लक. आयोगाला मंचाचे काम दिसते ते या आकड्यांतून, आणि आकडे भरणारी खुर्ची पुन्हा तीच. त्रुटीपत्रावर अडकून परत गेलेला अर्ज ‘आलेल्या’ तक्रारींत मोजला जातो का, हा प्रश्न मुंबईत बसून सुचणार नाही.

सेमाडोहच्या ग्राहकासाठी नोटिशीची तारीख हा स्वतंत्र विषय आहे. घाट उतरून परतवाडा, तिथून अमरावती, शंभरेक किलोमीटरचा एका बाजूचा प्रवास. सकाळी अकराच्या सुनावणीला वेळेवर पोहोचायचे तर एसटीच्या वेळेवर विसंबून चालत नाही. करोनानंतर दूरदृश्य सुनावणीची सोय सरावाची झाली, पण मेळघाटात नेटवर्क कोणत्या वळणावर सोडून जाईल ते सांगता येत नाही. त्यात अर्जदाराच्या घरची भाषा कोरकू, अर्ज मराठीत आणि मंचांचे अनेक आदेश इंग्रजीत. सचिवालय ग्राहकाच्या बाजूने विचार करणारे असेल तर तारीख फोनवर विचारून ठेवता येते, आदेशाचा गोषवारा मराठीत देता येतो. नियमांत त्यासाठी बदल करावा लागत नाही. वृत्ती लागते, आणि वृत्ती ही बहुतेक वेळा पगार कोण देतो आणि पुढची बदली कोण करणार याच्याशी जोडलेली असते.

कंपनीची बाजू काय?

सगळे सदस्य-सचिव कंपनीची पाठराखण करतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मंचांनी महावितरणविरुद्ध दिलेले आदेश भरपूर आहेत, आणि त्यावर सदस्य-सचिवांच्याही सह्या आहेत. शिवाय या रचनेला एक व्यावहारिक कारण आहे. कार्यकारी अभियंता दर्जाचा माणूस सचिव असेल, तर तो उपविभागाला फोन करून चार दिवसांत सीपीएल मागवू शकतो. बाहेरून आलेल्या कारकुनाला तेच मिळवायला महिना लागेल. केव्हीए, मल्टिप्लाइंग फॅक्टर, भार मंजुरी असल्या गोष्टी निवृत्त न्यायाधीशांना समजावून सांगायलाही कुणीतरी लागतो.

पण ही मदत तांत्रिक साहाय्यकाची झाली. तिच्यासाठी मत देण्याचा अधिकार असलेले सदस्यत्व आणि नोंदवहीचा ताबा, दोन्ही एकाच माणसाकडे असण्याची गरज नाही. आणि खरी कसोटी वेगळीच आहे. आज मंचावर असलेला अभियंता दोन-तीन वर्षांनी कुठल्यातरी विभागात परत जाणार, कदाचित त्याच मंडलात. ज्या वरिष्ठांच्या कार्यालयाविरुद्ध त्याने आज कडक टिपण लिहिले, तेच उद्या त्याचा गोपनीय अहवाल लिहू शकतात. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी त्याला अशा जागी बसवणे हा त्याच्यावरही अन्यायच आहे.

हे फक्त विजेपुरते आहे का?

नाही. सेमाडोहमध्येच दुसरे उदाहरण रेशन दुकानात सापडेल. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ च्या कलम २९ नुसार राज्य, जिल्हा, तालुका आणि रास्त भाव दुकान अशा चार पातळ्यांवर दक्षता समित्या असायला हव्यात. त्यांत अनुसूचित जाती-जमाती, महिला, निराधार यांना प्रतिनिधित्व हवे. योजनेवर देखरेख ठेवायची आणि गैरप्रकार दिसल्यास जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवायचे, हे या समितीचे काम. ‘लेखी’ हा शब्द कायद्यातला आहे. गावपातळीवर सरपंच अध्यक्ष आणि तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) सदस्य-सचिव, अशी महाराष्ट्रातली रूढ पद्धत. तालुक्यातली रेशन व्यवस्था तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेकडे आणि तलाठीही तहसीलदारांच्याच हाताखाली. समितीने दुकानाविरुद्ध लेखी कळवायचे ठरवले तर ते पत्र लिहिणाऱ्याला स्वतःच्याच कार्यालयाच्या कारभारावर बोट ठेवावे लागते. समित्या कागदावर राहतात, बैठका सहीपुरत्या होतात, अशी ओरड वर्षानुवर्षे ऐकू येते. दोष सदस्यांवर ढकलला जातो. पण बैठकीची नोटीसच निघाली नाही तर सदस्य करणार काय? सेमाडोहसारख्या गावात एका तलाठ्याकडे किती गावांचा सज्जा असतो आणि त्यात समितीची वही कितव्या क्रमांकावर येत असेल, याचा अंदाज बांधणे कठीण नाही.

जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचेही तसेच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८ नुसार जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष, वर्षातून किमान दोन बैठका बंधनकारक, भूमिका सल्ल्याची. सचिवपद जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे. परिषद बातम्यांत दिसते ती बहुधा २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनाच्या फोटोत.

बाहेर काय करतात?

इंग्लंडमधले पाणीपुरवठ्याचे उदाहरण इथे उपयोगी आहे, कारण तिथे दोन्ही प्रकार करून पाहिले गेले. २०१४ च्या दरनिश्चितीसाठी तिथल्या नियामकाने, ऑफवॉटने, प्रत्येक पाणी कंपनीला ग्राहकांच्या वतीने प्रश्न विचारणारा स्वतंत्र गट नेमायला सांगितले. अध्यक्ष बाहेरचा, पण गट कंपनीनेच उभा करायचा आणि खर्चही तिचाच. आपल्या मंचासारखाच पेच. काही गटांनी त्यावर साधा उपाय काढला. अंतिम अहवाल लिहिणारा माणूस त्यांनी कंपनीबाहेरचा नेमला. चर्चा कंपनीच्या खोलीत झाली तरी लेखणी बाहेरच्याच्या हातात राहिली.

दुसरीकडे २००५ पासून तिथे पाणी ग्राहकांची एक वैधानिक परिषद आहे. तिचा पैसाही शेवटी पाणी कंपन्यांकडूनच, परवाना शुल्काच्या मार्गाने येतो. पण कर्मचारी परिषदेचे स्वतःचे. म्हणजे पैसा कंपनीचा असणे ही अडचण नाही. महाराष्ट्रातही मंचाचा खर्च वीजदरातूनच निघतो. तो पैसा कंपनीच्या खात्यातून थेट न जाता आयोगामार्फत गेला आणि सचिवाची नेमणूक आयोगाने केली, तर ग्राहकावर एक पैसा जास्त पडणार नाही.

दिशा कुठली आहे?

उलटी. केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० ला वीज ग्राहक हक्क नियम जाहीर केले. त्याच्या नियम १५ मध्ये मंच उपविभागापासून कंपनी पातळीपर्यंत असावेत, असे म्हटले आहे. सेमाडोहच्या दृष्टीने हे चांगले. दाद मागायला अमरावतीपर्यंत जावे लागणार नाही. तक्रार निवारणासाठी कमाल ४५ दिवसांची मुदतही आहे. पण त्याच नियमात मंचाचा प्रमुख कंपनीचा योग्य ज्येष्ठतेचा अधिकारी असेल, असेही आहे. ग्राहकांचे प्रतिनिधी असतील, जास्तीत जास्त चार, आणि आयोगाने नेमलेला एक स्वतंत्र सदस्य. म्हणजे मंच घराजवळ येणार, पण अध्यक्षही कंपनीचा होणार. महाराष्ट्रात आयोगाच्या विनियमांतून आलेली बाहेरच्या अध्यक्षाची रचना त्या मानाने बरी आहे, आणि ती टिकवण्यासाठी ग्राहक संघटनांना पुढे भांडावे लागेल.

आयोगासमोरच्या दरसुनावणीत ग्राहकांची बाजू मांडण्यासाठी कलम ९४ (३) नुसार चार संस्थांना प्राधिकृत केले आहे. मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याची प्रयास, ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आणि नागपूरची विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन. या चौघांकडे स्वतःचे अभ्यासक, स्वतःचे कागद आणि स्वतःचा टंकलेखक आहे, म्हणून त्यांचे म्हणणे आयोगाला ऐकावे लागते. परिमंडलाच्या मंचावरच्या ग्राहक प्रतिनिधीकडे यातले काहीच नसते. फाइल त्याला मिळते ती सचिवाच्या टेबलावरून.

लहान बदल कोणते शक्य आहेत?

कायदा बदलण्याची वाट न पाहता आयोगाला विनियमांतून बरेच करता येईल. आलेल्या प्रत्येक अर्जाला त्याच दिवशी क्रमांक आणि तो मंचाच्या संकेतस्थळावर जाहीर, परत पाठवलेल्या अर्जांसकट. अर्ज कक्षेबाहेर म्हणून फेटाळायचा असेल तर त्या टिपणावर ग्राहक प्रतिनिधीची सही. सचिवाचा गोपनीय अहवाल मंचाच्या अध्यक्षाने लिहावा. अध्यक्षपद रिकामे असेल तर शेजारच्या परिमंडलाच्या अध्यक्षाकडे अतिरिक्त कार्यभार द्यावा, सदस्य-सचिवाकडे नको. अकोला आणि अमरावतीत अंतर तरी किती आहे? आणि अमरावतीच्या मंचाने दोन महिन्यांतून एकदा परतवाड्यात किंवा धारणीत बसावे.

तोपर्यंत सेमाडोहच्या ग्राहकाने अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय परतू नये. टपालाने पाठवला तर पोचपावती जपावी. अर्जातच ‘सीपीएल, मीटर बदली अहवाल आणि चाचणी अहवाल कंपनीकडून मागवावेत’ अशी वेगळी मागणी लिहावी, म्हणजे ते मागवणे सचिवाच्या मर्जीवर राहत नाही. नोटिशीची तारीख गैरसोयीची असेल तर लगेच लेखी कळवावे. निकाल विरोधात गेला तर आदेशाच्या तारखेपासून ६० दिवसांत नागपूरच्या विद्युत लोकपालाकडे जाता येते, आणि तिथे मंचासमोरचा रोजनामाही मागवून घेण्याची विनंती करता येते.